राजाचा दुखवटा

स्पेनमधल्या सेगोव्हिया गावात दवंडी पिटली: राजा वारला, सगळ्यांनी काळं नेसायचं, नाहीतर तुरुंग. म्हाताऱ्या किटेरियाला चीड आली. लोकर विणून तिची बोटं वाकडी झाली, गावातले माग बंद पडले, आणि आता दुखवट्याचं कापडही परदेशातून येणार! तिचा पोरगा याच राजाच्या लढाईत मेला, तेव्हा कुणी डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती.

तिने चुलीतली काजळी घागऱ्याला फासली आणि ती तडक चौकात गेली.

"म्हातारे, हे काय थेर? काळं कापड कुठाय?" शिपाई खेकसला.

"हेच की, मेल्या! थंडीत नवऱ्याचा माग फोडून चुलीत घातला, त्याची काजळी आहे ही. तुझ्या राजाच्या राज्यात आता एवढंच काळं तयार होतं."