अण्णांनी धरलेला हात

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी सोलापूरहून बेंगळुरूला आले आणि मल्लेश्वरममध्ये एका मराठी घराच्या वरच्या खोलीत राहू लागले. घरमालक पिढ्यानपिढ्या इथलेच. सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांच्या बायकोला अक्का. मी ऑफिसात दिवसभर मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे आणि खोलीवर आले की बोलायला कुणीच नसायचं.

दुसऱ्या वर्षी अण्णांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. दवाखान्यातून आले ते चालत-बोलत, पण समोर दिसेल ती वस्तू वापरायला लागायचे. कंगवा दिसला की केस विंचरायचे. तहान नसली तरी भांडं उचलून पाणी प्यायचे. एकदा स्वतःच्या चष्म्यावर त्यांनी अक्कांचा चष्मा चढवला. का घातलात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "समोर होता की."

डॉक्टरांनी सांगितलेलं अक्कांनी मला सांगितलं. "आपला पण हात दिसेल त्या वस्तूकडं जायला बघतोय म्हणे. मेंदू आतल्या आत नको म्हणून त्याला थांबवतोय. ह्यांचं ते थांबवणारंच बिघडलंय बघ."

संध्याकाळी बाजारात निघाल्या की त्या मला हाक मारायच्या. "स्वल्प बसशील काय गं ह्यांच्याजवळ?" मी टेबलावरच्या वस्तू उचलून ठेवायचे आणि शेजारी बसायचे. पहिल्याच दिवशी खुर्चीच्या हातावर ठेवलेला माझा हात अण्णांनी घट्ट धरला. मी दचकले, पण सोडवून घेतला नाही. बसमधले धक्के सोडले, तर सोलापूर सोडल्यापासून कुणाचा स्पर्शच झाला नव्हता.

परत आल्यावर अक्का ओशाळल्या. "मनावर घेऊ नकोस. कुणाचा पण हात असता तरी धरले असते."

ते मला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून जरा लवकरच निघाले.

पुढचे काही महिने असेच गेले. ते हात धरून बसायचे आणि मी काहीबाही सांगत राहायचे: आईचं दुखणं, ऑफिसातलं बोलणं न कळणं. त्यांचं लक्ष बहुतेक भिंतीकडे असायचं.

मग हळूहळू त्यांच्यात फरक पडू लागला. कंगवा समोर असूनही तसाच राहू लागला. एका संध्याकाळी मी नेहमीसारखा हात ठेवला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांची बोटं किंचित उचलली गेली आणि परत मांडीवर टेकली. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "दमलीस काय गं आज?"

अक्का दारातच उभ्या होत्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी पदरानं डोळे पुसले. "बघितलीस? धरले नाहीत."

"बरं झालं, अक्का," मी म्हणाले. मला खरंच बरं वाटलं होतं.

त्यानंतर मला बोलवायचं कारण उरलं नाही. मी वर स्टोव्ह पेटवून भात टाकायचे. खालून दोघांचं बोलणं ऐकू यायचं, पण शब्द कळायचे नाहीत.