बैलांच्या गर्दीतला नाताळ

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत हो. मंडप सोडायला घेतला की दोरीला अडकून आपोआप खाली येतात! चिखल्याच्या खाण कॉलनीतल्या नाताळचे दिवे मी इतकी वर्षं चढवतो-उतरवतो आहे, की आता शिडीपेक्षा माझे गुडघेच जास्त करकरतात. दरवर्षी म्हणतो, "यंदा शेवटचं." आणि दरवर्षी मार्थाबाई म्हणतात, "हो हो, आधी ते टोक पकडा."

मार्थाबाई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या रिटायर्ड नर्स. कॉलनीत ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, पण नाताळ सगळ्यांचा, कारण तो मार्थाबाईंचा. यंदा मात्र त्यांचा मुलगा पीटर त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला होता. त्यामुळे काम करताना आम्ही जुनेच किस्से उगाळत होतो. पुढच्या वर्षाचा विषय कोणी काढत नव्हतं.

*

बाईंचा नियम एकच. नाताळला खेळणी आणायची ती हातानं केलेली, जुन्या पद्धतीची. "ज्याले सेल लागते ते खेळणं नाही, ती ड्युटी हाय!"

वामन फिटरनं हे फार मनावर घेतलं. सगळं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेलं. त्यानं पोरांसाठी भोवरा केला, तोही अस्सल लोखंडाचा, लेथवर काढून. पहिल्याच फेकीत कॉलनीच्या हॉलची फरशी फुटली!

बाईंनी वाकून खड्डा पाहिला. "वामन, पोट्ट्यायले खेळाले सांगतलं होतं. बोगदा पाडाले नाही."

*

मग गव्हाणीचा देखावा. बाळ येशूजवळ एखादा बैल हवा, म्हणून बाईंनी सांगितलं, "घरी लाकडी बैल असंल तं आणा."

आता आमच्याकडं तान्ह्या पोळ्यामुळं, म्हणजे पोरांच्या पोळ्यामुळं, पोरागणिक एक लाकडी बैल! कॉलनीतले झाडून सगळे आले. चाकंवाले, झूल घातलेले, शिंगं रंगवलेले. मी बाळ हातात घेऊन उभा. "बाई, याले कुठं ठेवू?"

"बैलायले विचारा. जागा त्यायचीच हाय."

गणपतराव शेजारच्या गावचे धानाचे शेतकरी. देखाव्यासाठी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, तेच आणतात. ते म्हणाले, "एवढे आले, पण यायले आवतन कोनं देल्लं? खांदे तं शेकलेच नाही!" पोळ्याच्या आदल्या दिवशी इकडं बैलांचे खांदे पळसाच्या पानानं हळद-तूप लावून शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. वर्षभर जू ओढलेलं असतं ना!

बाई हसून म्हणाल्या, "माहे शेका आधी."

*

एकदा त्याच तणसाचा मोठ्ठा तारा करून गेटवर टांगला. दोन दिवस खपलो होतो. गणपतरावांच्या खऱ्या बैलानं तो बैलबंडीला जुंपलेल्या जागेवरूनच खाल्ला! मला रडू यायचं बाकी होतं.

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "त्याले तरी तारा दिसला."

*

सांताक्लॉजही गणपतरावच, पोट आहे म्हणून. लाकडी बैल घेऊन दारी गेलं की बोजारा, म्हणजे खाऊ मिळतो, हे पोरांना तान्ह्या पोळ्यापासून पाठ. सगळी सांतापुढं बैल घेऊन रांगेत उभी! खाऊ घेतला की मागच्या दारानं जाऊन पुन्हा रांगेत.

गणपतरावांना पोरं ओळखू येत नव्हती, बैल मात्र येत होते. "अबे, हा लाल शिंगाचा मंघाच येऊन गेला ना!"

पोरांनी काय करावं? आपसात बैल बदलले.

*

यंदाचं सगळं पार पडलं. पाहुणे गेले, खुर्च्या एकावर एक चढल्या. दमायला तर दरवर्षीच होतं, पण या वेळी माळ उतरवताना हात चालेना. मला फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू! बाई बाकावर बसून खांदा चोळत होत्या. पीटर म्हणाला, "आई, चल आता. पहाटे निघायचंय."

तेवढ्यात गणपतरावांच्या घरच्या, शेवंताबाई, आल्या. हातात गरम हळद-तुपाची वाटी आणि पळसाची पानं. त्यांनी बाईंचा पदर सारखा केला आणि खांदा शेकू लागल्या. वामन फिटर खुर्ची धरून तसाच उभा राहिला.

"आज आवतन घ्या," शेवंताबाई म्हणाल्या, "उद्या जेवाले या."

पीटर म्हणाला, "काकू, अहो, उद्या पहाटेच आम्ही..."

मार्थाबाईंनी डोळे मिटले आणि दुसरा खांदा पुढं केला.

"मी आवतन घेतलं, पीटर. तुले जायचं असंल तं जा."