फुग्यावरचे पाच कलश

मी मुंबईत कारागीर आहे, असं आमची वाडी धरून चालली होती. मी तसं कधी सांगितलं नव्हतं. फक्त कुणी म्हटलं तर नाही म्हणायचा कंटाळा केला होता. खरी गोष्ट अशी की गिरगावातल्या एका बोळात नाटकवाल्यांना सामान पुरवणारा एक कारखाना होता, आणि तिथे मी फुगे फुगवायला होतो.

नाटकातल्या राजवाड्यात सोन्याचे कलश लागतात. खरे धातूचे आणले तर नटाला उचलवत नाहीत. म्हणून आमचे मिस्त्री फुग्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस चढवत, ते घट्ट झालं की आतला फुगा फोडत, तोंड कापून सारखं करत, खाली बैठक लावत आणि वरून सोनेरी रंग देत. हे सगळं आतल्या खोलीत चाले. मी दारात बसून फुगा फुगवायचा, दोऱ्याने बांधायचा आणि मागे हात करून आत द्यायचा. म्हणजे माझी पाठ कलेकडे आणि तोंड रस्त्याकडे.

महाराष्ट्राचं वेगळं राज्य झालं त्याच्या पुढच्या, नाहीतर त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलाकडचे सवच्या बाजूचे. तिथल्या कुंडातलं पाणी बारा महिने गरम, आणि होणाऱ्या विहीणबाई, आमच्या आत्याच्या मते, त्याच पाण्यावर वाढलेल्या. मोठ्या सुनेच्या वेळी म्हणे त्यांनी रुखवतातली एकेक वस्तू उलटी करून बघितली होती आणि "एवढंच होय?" म्हणाल्या होत्या. ती सून अजून ते "एवढंच होय?" ऐकते, असं आत्याला कुणी सांगितलं होतं. आत्याने ते बहिणीला सांगितलं, आणि बहिणीने धसका घेऊन मण्यांची तोरणं, मण्यांचा पोपट, मण्यांचं तुळशीवृंदावन असा सपाटा लावला.

इतक्यात माझं पत्र गेलं. "मण्यांची कामं बंद कर. ती आता सगळीकडे झाली. मी मुंबईचे सात सोनेरी कलश तिथे येऊन स्वतः करणार आहे. विहीणबाई बघत राहतील."

पत्र लिहिताना मला इतकं बरं वाटलं होतं की मी ते पोस्टात टाकण्याआधी दोनदा वाचलं.

लग्नाला आठ दिवस असताना मी अर्धं पोतं प्लास्टर, सोनेरी भुकटीची पुडी आणि फुग्यांचं पाकीट घेऊन पोलादपूरला एस.टी.तून उतरलो आणि दीड तास चढून वाडीत पोचलो. बहीण अंगणातच होती.

"मणी कुठायत?" मी सहज विचारलं.

"दिले की शेजारच्या पोरीला. डबाच देऊन टाकला. तूच लिवलंस ना बंद कर म्हणून?"

"बरं केलंस," मी म्हणालो. म्हणजे माघारीची वाट तिथेच बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात प्रयोग ठेवला. प्रयोगच म्हणायचा, कारण आमच्या आणि वरच्या वाडीतली माणसं बघायला आली होती. मी घमेल्यात प्लास्टर ओतलं. उन्हात ठेवलेल्या हंड्यातलं पाणी घातलं. ते चांगलं कढत झालं होतं, पण पाणी ते पाणी, असं मला वाटलं. मग लोकांकडे तोंड करून मी प्लास्टरची माहिती सांगू लागलो. ती संपवून घमेल्यात हात घातला तर बोटं वरच अडली. घमेलं भरून दगड झाला होता. मिस्त्री माठातलं पाणी का घेत, ते मला तेव्हा कळलं.

"झालं का रे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"हे असं आधी एकदा करावं लागतं," मी म्हणालो.

दुसरं घमेलं गार पाण्याने कालवलं आणि फुग्याला फासलं. ते फुग्यावरून घरंगळून खाली पडलं. पुन्हा फासलं, पुन्हा पडलं. शेवटी जाडजूड थर देऊन सहा फुगे कसेबसे लिंपले आणि लवकर सुकावेत म्हणून उन्हात टांगले. पोलादपूरकडचं मे महिन्याचं ऊन. आतली हवा तापली, फुगे फुगायला लागले, वरचं कवच तडकलं, आणि पाच मिनिटांच्या आत सहाच्या सहा फुगे असे फुटले की गोठ्यातली म्हैस दावं तोडून नदीकडे गेली. तिच्यामागे अर्धे प्रेक्षक गेले. उरलेले हसायला थांबले.

संध्याकाळपर्यंत मी पोतं संपवलं. हाती लागले ते अंगणभर पांढरे तुकडे.

बहीण झाडू घेऊन आली. तिने तुकडे एका कोपऱ्यात लोटले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

सकाळची पहिली एस.टी. धरून मी महाडला गेलो. दोन दुकानांत विचारलं; दोघांनी मला चुना दाखवला. तिसऱ्याने सांगितलं, प्लास्टर फक्त दवाखान्यात. दवाखान्यात कंपाउंडर होते, चष्मा कपाळावर चढवलेले.

"काय मोडलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग प्लास्टर कशाला?"

"भांडी करायची आहेत."

त्यांनी चष्मा खाली घेऊन माझं डोकं नीट पाहिलं. मोडलंय ते तिथे असावं, असं त्यांना वाटलं असणार. मी सगळी हकीकत सांगितली. हसून हसून त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "हाड मोडल्याशिवाय मी चिमूटभरही देऊ शकत नाही. पण एक सांगतो. नुसतं प्लास्टर कधी उभं राहतं होय? त्याला कापड लागतं. कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवायच्या आणि गुंडाळायच्या. आम्ही पायाला करतो तेच."

एवढं ज्ञान आणि रिकामी पिशवी घेऊन मी परत आलो.

वाटेत मात्र मला युक्ती सुचली होती. प्लास्टर मुळात पावडर. तुकडे दळले की पुन्हा पावडर. इतकं सोपं! बहिणीला जात्यावर बसवलं, समोर मी बसलो. दोन तास घरघर करून आम्ही परातभर पांढरंशुभ्र पीठ काढलं. वाटीभर घेऊन पाण्यात कालवलं. वाट बघितली. आणखी वाट बघितली. ओल्या खडूसारखा लगदा तसाच राहिला.

"दादा," बहीण म्हणाली, "खरं सांग. तू आजपातुर एक तरी भांडं केलं हायस?"

मी जात्याचा खुंटा धरून उगाच एक फेरा दिला.

"मग तिकडं करतोस काय?"

"फुगे फुगवतो."

"आनि?"

"बांधतो."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त डोळे पुसले, तेही पीठ गेल्यासारखं करून. "उद्या परवा मी त्या पोरीकडं जाते," ती म्हणाली, "मणी परत मागायला. पन तिनं ओवले पन असतील." आणि उठून पाण्याला गेली. विहीणबाईंचं ते "एवढंच होय?" मला त्या क्षणी माझ्याच आवाजात ऐकू आलं.

निदान पसारा तरी आवरावा म्हणून मी उरलेल्या पिठाची परात पडवीत नेऊन ठेवली. वर स्वच्छ फडकं टाकलं. पडवीत आधीच तीन पराती होत्या, त्यांवरही फडकी होती, आणि त्यांत लाडवांसाठी दळलेलं तांदळाचं पीठ होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण ज्या माणसाच्या लक्षात असल्या गोष्टी येतात तो आधी उन्हात फुगे टांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या चुलीवरून आत्याची हाक आली. "अगो, या तांदळाला काय झालं गो? हे पीठ उकळतंय!"

मी धावलो. वाडीची लग्नकार्याची सामाईक कढई चुलाणावर चढली होती. आत्या उलथनं घेऊन बसली होती आणि कढईतलं कोरडं पीठ दुधासारखं खदखदत होतं. पाण्याचा थेंब नाही आणि उकळी.

"वास नाय, रंग नाय," आत्या म्हणाली. तिने उलथन्यावरची चिमूट गार करून जिभेवर ठेवली. "जिभंला चिकटतंय रे!"

"आते, थुंक!" मी किंचाळलो. "ते पीठ नाही, ते माझं आहे!"

पुढचा मजकूर मी गाळतो. आत्याने चूळ भरता भरता माझ्या जन्मापासूनचा आढावा घेतला, एवढंच सांगतो. मला मात्र तिचा प्रत्येक शब्द गोड लागत होता. ती बोलत होती म्हणजे जीभ शाबूत होती. आणि त्या पिठात गूळ पडून लाडू वळले गेले असते, वऱ्हाडाच्या पोटात जाऊन पाण्याबरोबर घट्ट झाले असते, या विचाराने मी तिथेच चुलीपाशी मटकन बसलो. इतकं सुटल्यासारखं मला मॅट्रिकलाही वाटलं नव्हतं; तिथे तर मी नापासच झालो होतो.

आत्याने कढई उतरवली, घासायला सोपी जावी म्हणून तिच्यात दोन तांबे गार पाणी ओतलं, उलथन्याने ढवळलं आणि तशीच रागारागाने आत गेली.

मी पडवीत येतो न येतो तोच मागच्या चुलीकडून तिची दुसरी हाक आली. ही पहिलीपेक्षा वाईट होती.

उलथनं कढईत ताठ उभं होतं. आत्याने ते धरून ओढलं तर कढई उचलली गेली.

"मेल्या! वाडीची कढई! लोकांना काय सांगू?"

 बहीण मात्र कढईवर वाकली होती. तिने पांढऱ्या थरावर बोटाने टकटक केलं. मग मुठीने केलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हे घट्ट झालं."

मला काही उमगेना. आत्यालाच उमगलं. तिने कढई उपडी आपटून ती चकती बाहेर काढली, माझ्या पायापाशी टाकली आणि म्हणाली, "भाजलं म्हणून झालं ते. कच्चं कालवलंस तर कसं व्हईल? आता दळ पुन्हा."

त्या दिवसापासून ज्याला त्याला आपापलं काम मिळालं. मी दळायचो. आत्या भाजायची; खदखद थांबली की उतरवायचं, हे तिने एकदा बघून पक्कं केलं, मिस्त्रींच्या तोडीचं. बहीण जुन्या धोतराच्या पट्ट्या भिजवून फुग्यावर बसवायची. अंगण सारवणारा हात तिचा. थर किती जाड, कुठे बोट फिरवायचं, कुठे थांबायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. सुकायला उन्हात नाही, गोठ्याच्या सावलीत. म्हैस त्या फुग्यांकडे पाठ करून उभी राही. आणि फुगे मी फुगवले. खोटं कशाला सांगू, ते काम मी झकास केलं. एकसारखे, गोल, एकही गळका नाही.

फुगे पाचच उरले होते, म्हणून कलश पाच झाले. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांच्यावर सोनेरी रंग चढला. कढई राखेने तीनदा घासून तिच्यात लाडवांचं खरं पीठ भाजलं गेलं. मी स्वतः बोट फिरवून बघितलं. तरी मनातून ती कढई काही गेली नाही.

लग्न लागलं. विहीणबाई रुखवताशी आल्या तेव्हा मी खांबाला टेकून उभा होतो. त्यांनी मधला कलश दोन्ही हातांनी धरून जोर लावून उचलला. तांब्याचा समजून लावलेला तो जोर; कलश एकदम त्यांच्या कपाळापर्यंत गेला.  मुंडावळ्यांच्या आड बहिणीचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला.

विहीणबाईंनी कलश उलटा केला. आत बघितलं. अंगठीने वाजवला.

"कोनी केलं हे?"

मी तोंड उघडलं. आत्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तसाच जांभई देऊन ते मिटलं.

"पोरीनं," आत्या म्हणाली. "सगळं हातानं. फुलांसाठी हाय, पानी घालू नका."

"माझ्या घरात असलं काय नाय," विहीणबाई म्हणाल्या, आणि कलश परत ठेवताना त्यांनी तो पुसून ठेवला. आपली वस्तू ठेवतात तसा.

मग त्यांना लाडू दिला. त्यांनी चावा घेतला आणि दाताखाली कर्रकन वाजलं. मला ते खांबापर्यंत ऐकू आलं. त्यांनी तोंडातून पांढरा खडा काढला, चिमटीत धरला, उजेडाकडे केला.  प्लास्टर. कढईच्या कडेला राहिलेलं. मी मनातल्या मनात बहिणीची, आत्याची आणि कंपाउंडरांचीही माफी मागितली.

विहीणबाईंनी तो खडा पुन्हा तोंडात टाकला.

"खडीसाखर घातलीत वाटतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं नाय घालत. बरी लागते."

आत्याने मान डोलावली; खडीसाखर तिनेच घातली होती, मला तेवढं सांगितलं नव्हतं. मी खांबावरून घसरत खाली बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने, घमेल्यापाशी झालं का रे विचारणाऱ्या त्यानेच, माझ्या पाठीवर थाप मारली. "बहीण चालली म्हणून रडतोस होय रे?" मी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतंच, कारण विचारायची गरज नव्हती.

तेवढ्यात विहीणबाईंनी नव्या सुनेकडे वळून विचारलं, "आनि हा मुंबईवाला भाऊ? यानं काय केलं गो?"

बहिणीने मुंडावळ्या जराशा बाजूला केल्या. माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

"फुगे फुगवले," ती म्हणाली.

सगळा मांडव हसला. मी उठून उभा राहिलो, धोतर झटकलं आणि मोठ्याने म्हणालो, "होय. मीच फुगवले. पाचही."