कडावच्या शेतात डोलकाठी

बोर घाट उतरताना सुनंदाने मला तिसऱ्यांदा बजावले, "आज काठी नीट उभी राहिली नाही, तर नाव विकायची. ठरलंय आपलं." मी "ठरलंय" म्हणालो. घाटात गाडी चालवताना बायकोशी वाद घालू नये, एवढी अक्कल तीस वर्षांच्या संसारात आली आहे.

नाव म्हणजे माझी शिडाची नाव. सव्वीस फुटी, जुनी, आणि समुद्र सोडून कर्जतजवळ कडावला माझ्या मामेभावाच्या, बबनच्या, खळ्यात टेकूंवर बसलेली. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी तिच्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचे, हे माझे स्वप्न. सुनंदाच्या मते ते खूळ. तिचा सगळा राग डोलकाठीवर. "जिच्या नावातच डोलणं आहे, ती माझ्या डोक्यात पडणार नाही कशावरून?" म्हणून बंदरावर नेण्याआधी काठी एकदा उभी करून दाखवायचे ठरले होते.

खोपोलीच्या एका वर्कशॉपमध्ये पोलादी तारा तयार होत्या. पुढे एक, मागे एक आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा सहा. याच तारा काठीला उभे धरणार होत्या. "लिफ्टच्या का?" तिथल्या मिस्त्रीने विचारले. "शिडाच्या नावेच्या," मी म्हणालो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मागच्या डोंगराकडे पाहिले आणि तारांवरून फडके फिरवले. मला मात्र त्या तारांचे वेटोळे मांडीवर घेऊन बसावेसे वाटत होते. सुनंदाने ते डिकीत टाकायला लावले.

कडावला भाताची कापणी कधीच आटोपली होती आणि मोकळ्या शेतांत आमची नाव लांबूनच दिसत होती. बबनने मदतीला गावातले मांडववाले पांडूकाका आणि त्यांचे चार गडी बोलावले होते. पांडूकाकांनी काठीवर हात फिरवला, तारा बोटाने दाबून पाहिल्या आणि मला म्हणाले, "सायेब, तुमी जेवून घ्या. खांब हुबं करन्यात आमची हयात गेली. तणावं (मांडवाचे ताणदोर) नीट बसलं का हत्ती टेकला तरी हालायचा नाय."

मी जेवायला गेलो, हीच चूक. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि वर दोन वाट्या ताक. हात धुऊन बाहेर आलो तर काठी उभी. निळ्या आभाळात सरळसोट. सुनंदा चक्क टाळ्या वाजवत होती. मी खळ्यात दोन गिरक्या घेतल्या, त्या बबनच्या म्हशीने पाहिल्या.

मग मी तारांवरून नजर खाली आणली. पुढची तार दोर जोडून आंब्याला बांधली होती. मागची ट्रॅक्टरच्या हुकाला. उजवीकडच्या दोन बांधावरच्या खुंट्यांना आणि डावीकडच्या दोन गोठ्याच्या खांबाला. नावेला एकही नाही.

काठी उभी होती. सुनंदा खूश होती. मी गप्प राहिलो असतो तर अट तिथेच पुरी झाली असती, आणि खरे सांगतो, अर्धे मिनिट मी गप्प राहिलो. पण उद्या त्याच काठीखाली ती बसणार होती.

"पांडूकाका, समुद्रात आंबा कुठून आणायचा?"

पांडूकाका नावेकडे, मग आंब्याकडे बघत राहिले. "आरं तिच्या. ह्ये पयलं सांगायचं ना रं. तणावा म्हंजी आमी भुईतच ठोकनार."

सुनंदाच्या टाळ्या थांबल्या. मग मी दोघांनाही समजावले. नावेच्या दोन्ही कडांत आणि पुढच्या-मागच्या टोकांना पोलादी पट्ट्या पक्क्या बसवल्या आहेत, तारा त्यांना अडकवायच्या. प्रत्येक तार काठीला आपल्याकडे ओढते, सगळ्या मिळून तिला खाली दाबून बसवतात. काठीवर बसवलेल्या आडव्या दांड्या तारांना बाहेर ढकलतात, म्हणजे ओढ तिरकी लागते. पांडूकाका ऐकून घेत म्हणाले, "म्हंजी समदा भार नावंच्याच अंगावं. नावंनं सोताचंच कान धरून हुबं ऱ्हायाचं."

एकेक तार नावेवर आली. काठी सरळ आहे का हे पाहायला खाली उताणे पडून वर बघावे लागते. माझी मान दुखरी, म्हणून सुनंदा पडली. पाचच मिनिटांत तिचा आवाज बदलला. "उजवीकडे झुकली. डावी अर्धा आटा आवळा." पांडूकाका तारा छेडत होते, "ह्यी बोलतीया, त्यी मुकी हाय." मग ती म्हणाली, "मध्येच पोट सुटलंय हिला, तुमच्यासारखं." पोटासाठी बाजूंच्या आखूड तारा असतात, त्या आवळल्या. पोट गेले. काठीचे.

शेवटी आधाराला ठेवलेला आंब्याचा दोर सोडला. काठीच्या टोकाला बांधलेला दोर धरून दोन गड्यांनी आडवे ओढले. टेकू करकरले, काठी आणि नाव एकत्रच जराशी हलली, एकत्रच थांबली. पांडूकाका समाधानाने सुनंदाला म्हणाले, "ताई, आता काळजी नाय. ह्यी पडली तर नावंला घेऊनच पडंल."

मी डोळे मिटून घेतले. इतके चांगले चाललेले असताना हे वाक्य कशाला हवे होते, देव जाणे.

तारांवर खुणा करून काठी पुन्हा आडवी केली आणि आम्ही उन्हे कलताना निघालो. पुस्तके वाचून जे मला दोन वर्षांत अर्धेच उमगले होते, ते एका मांडववाल्याच्या चुकीमुळे समजावून सांगताना दुपारभरात पुरते कळले होते. आनंद एवढा झाला होता की घाबरायलाच झाले, कारण सुनंदा कर्जत सुटल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. घाट चढताना मी मनातल्या मनात नाव दोनदा विकून टाकली.

"अहो," खंडाळ्याजवळ ती म्हणाली, "आपल्या पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ सकाळी किती वाजता असते?"

छप्पन्न वर्षांत ही बाई गुडघाभर पाण्यापलीकडे उतरलेली नाही. मी गाडी कडेला घेऊन थांबवली, कारण मला पुढचा रस्ता नीट दिसेना.