तयार बटणं आणि सुनेचे नियम

माझी सून मोबाइलच्या कंपनीत होती. फोनच्या आत एक मूळ यंत्रणा असते, तिच्यावर बाकीचे प्रोग्राम चालतात. ते प्रोग्राम बाहेरचे लोक बनवायचे. बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, काही पुसण्याआधी माणसाला कसं विचारावं, याचे नियम सून लिहायची. जो पाळणार नाही त्याचं काम परत पाठवायची. मी चौथी शिकलेली. एवढं समजायला मला बरेच दिवस लागले.

मग कंपनीत टूम निघाली की नियम कशाला हवेत? बटणं, याद्या सगळं तयारच करून वाटा, म्हणजे आपोआप सारखं होईल. तसं झालं तर सुनेचं काम संपणार होतं.

तयार बटणं बनवणारा तिचा सहकारी आमच्यासारखाच मीरा रोडला राहायचा. एका रविवारी आमच्याकडे पोहे खाताना दोघांची जुंपली.

"मॅडम, तुमचे नियम वाचतंय कोण?" तो म्हणाला. "काकू, तुमच्या सोसायटीत बोर्ड आहे ना, खिडकीचं ग्रिल भिंतीच्या बाहेर काढू नये म्हणून? खाली उभं राहून वर बघा. पिंजरेच पिंजरे."

खोटं नव्हतं. आमचाही पिंजरा होता. त्यात कुंड्या आणि बिघडलेला स्टोव्ह.

"आणि बी विंगला कमिटीनेच ग्रिल बसवून दिलं. सगळी एकसारखी. एक ओळ लिहावी लागली नाही."

"हो, आणि त्या ग्रिलला दार ठेवायलाच विसरले," सून म्हणाली. "आग लागली तर एकही माणूस खिडकीतून निघणार नाही. तुमचं एक चुकलं की घरोघरी तेच चुकणार."

"मग ठेवू दार."

"ठेवाल. त्याच्यासमोर कोणी कपाट लावलं तर? कपाट लावू नका, हे तुमचं दार सांगणार नाही. त्याला नियम लागतो, आणि तो बघायला माणूस लागतो."

"माणूस म्हणजे मॅडम! खुर्ची वाचवताय."

"वाचवतेच आहे. त्यात लाज कसली?"

तो माझ्याकडे वळला. "काकू, तुम्हीच सांगा."

"मला विचारून तुमची कंपनी चालते का?" मी म्हटलं.

मला सुनेचं पटलं होतं. पण माझ्या पटण्याने काय होतं? तिच्या साहेबाला मी काय सांगणार आणि कुठल्या भाषेत?

थोड्या दिवसांनी ठरलं. तयार भाग सगळ्यांना. नियम ज्याला वाचायचे त्याने वाचावेत. काम परत पाठवणं बंद. सुनेला दुसऱ्या खात्यात कसलेसे अहवाल टाइप करायला बसवलं. मुलगा म्हणाला, "पगार चालू आहे ना?" ती भांडी आवरायला उठली. रडली असती तर निदान गप्प तरी केलं असतं.

दिवाळीला कंपनीने नवे फोन वाटले. तिने तिचा मला दिला. घोडबंदरच्या माझ्या बहिणीने नातवाकडून फोनवर निरोप लिहून पाठवला होता, तो मला ठेवायचा होता. पडद्यावर दोन बटणं आली. सुबक, एकसारखी. एकावर 'ठीक', दुसऱ्यावर 'पुढे'. ठेवायचं कुठलं आणि पुसायचं कुठलं, काही लिहिलेलं नव्हतं.

मी फोन सुनेसमोर धरला. "यातलं कुठलं दाबू?"

तिने बघितलं. "कुठलंही दाबा, आई. ते बघायचं काम आता माझं नाही."

मी 'ठीक' दाबलं. निरोप पुसला गेला.