राखीचा फोटो

आमच्या वरच्या खोलीत एक गोरी बाई आणि एक आपल्याकडचा मुलगा चौदा महिने राहिले. लग्न झालेलं नव्हतं. नवराबायकोसारखे राहत होते, आणि हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आज हे सांगायला मला कुणाच्या बापाची भीती वाटत नाही. ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी वाटली, आणि त्या मुलाचं वाटोळं झालं. कुणी विचारलं तर मी करोनाचं नाव सांगते. सगळेच सांगतात.

मी कोकिळा. साक्रीकडे आमचं गाव, गावामागे डोंगर आणि डोंगरभर पवनचक्क्या. आमचे हे, प्रेमराज मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. गावात कुणाला अर्ज हवा, दाखला हवा, की पावलं आमच्या ओट्याकडे वळतात. अक्षर मोत्यासारखं आणि भाषा पार कोर्टातली.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर पवनचक्कीवाल्यांनी जर्मनीहून एक बाई आणली, आपल्या पोरांना मशीनचं काम शिकवायला. आन्के तिचं नाव. गल्लीने तिचं अंकाबाई करून टाकलं. उंच, हाडापेराने मजबूत, शेवभाजी खाताना नाकाडोळ्यांतून पाणी गळायचं तरी वाटी पुढे करायची. भाडं चांगलं देणार होती, म्हणून आम्ही वरची खोली दिली. करारावर नाव तिचं एकटीचंच.

प्रशील आला जानेवारीत. आधी तिचं सामान पोचवायला, मग नळ दुरुस्त करायला, मग गेलाच नाही. वरणगावचा मुलगा. वडील बन्सीलालभाऊ तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आई लहानपणीच वारलेली. आयटीआय करून तो पवनचक्कीवर लागला होता. काडीसारखा बारीक, पण ऐंशी मीटर उंच टॉवर शिडीने चढून जायचा. आणि जिन्यात पाल दिसली की खालूनच हाक मारायचा, काकू, तिला हाकला ना. माझा मिक्सर त्याने तीनदा उघडला, शिवणयंत्राला तेल घातलं, मास्तरांना मोबाईलवर फोटो पाठवायला शिकवलं. एकटा येऊन त्याने खोली मागितली असती, तर आम्ही दिली नसती. आडनाव विचारून झाल्यावर खोली भरली म्हणून सांगितलं असतं. बाईसोबत आला म्हणून जिना चढला, आणि हे त्यालाही माहीत होतं. कधी बोलून दाखवलं नाही.

टॉवरवर एकट्याने चढायचं नाही असा त्यांचा नियम. जोडीने चढायचं, आणि चढण्याआधी एकाने दुसऱ्याचे पट्टे ओढून बघायचे. ही दोघं ते आमच्या अंगणातच करायची. सकाळी सातला तो तिच्या कमरेचा पट्टा ओढायचा, ती त्याच्या खांद्याचा. मी तुळशीला पाणी घालता घालता बघायची. असं मन लावून मला कुणी आयुष्यात तपासलं नाही, मास्तरांनी तर नाहीच.

पण गल्लीला तोंड आहे. समोरची शेवंताबाई नळावर म्हणाली, मास्तरना घरमा बठ्ठं चालस वाटतं. मास्तरांच्या घरात सगळंच चालतं म्हणे. मला झोंबलं. घरात माझी मुलगी मेघा लग्नाची. मी प्रशीलला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, एकतर खोली सोड, नाहीतर येत्या राखीपौर्णिमेला अंकाबाईच्या हातून राखी बांधून घे, चारचौघांसमोर, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बरं.

राखी मीच आणली. ओट्यावर पाट मांडला, शेवंताबाईला मुद्दाम बोलावलं. अंकाबाई नवी साडी नेसून आली, हसत होती. तिला वाटलं, इथला काही गोड सण असेल. प्रशीलने हात पुढे केला तेव्हा त्याची मूठ आवळलेली होती. तिने राखी बांधली, मी तिच्या हातून त्याला पेढा भरवला, मास्तरांनी फोटो काढला. हे कशासाठी असतं, असं तिने त्याला इंग्रजीत विचारलं. जवळच्या माणसाला बांधतात, असं तो म्हणाला. एवढं इंग्रजी मला कळतं. मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात राखी नव्हती. टॉवरवर सैल दोरा चालत नाही म्हणाला.

लग्न का केलं नाही, असं आता सगळे विचारतात. करणार होते. धुळ्याला रजिस्टर पद्धतीने, मे महिन्यात. त्यासाठी तिच्या देशातून ती अविवाहित असल्याचा कागद लागत होता. तो आणायला आणि आजारी आईला बघायला ती मार्च दोन हजार वीसमध्ये तीन आठवड्यांसाठी गेली. जाताना साडी, कुकर, टॉवरवरचे बूट सगळं वर ठेवून गेली. माझ्या गालाला गाल लावून गेली. आठ-दहा दिवसांत विमानं बंद झाली. ती तिकडे, हा इकडे.

एप्रिल गेला, मे गेला. नवराबायको असते तर काहीतरी वाट निघाली असती. ही दोघं कागदावर कुणीच नव्हती. जूनमध्ये मी प्रशीलला म्हटलं, खोली बाईला दिलेली, बाई नाही, तेव्हा तू कशाला. तो तिचे बूट पिशवीत घालून डोंगरावरच्या साइटवर, कंटेनरमध्ये राहायला गेला. जून महिन्यात पत्र्याचा कंटेनर कसा तापतो ते मला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये तिच्या सरकारने ठरवलं की लग्न न झालेल्या जोडीदारांनाही येऊ द्यायचं. मात्र पुरावा हवा. एक तर तो आधी तिच्या देशात जाऊन तिला भेटलेला असावा, नाहीतर दुसऱ्या देशात दोघं एका घरात राहिलेली असावीत. हा बिचारा कधी मुंबईच्या पुढे गेला नव्हता. म्हणजे उरलं आमचं घर. करारावर त्याचं नाव आम्ही घातलं नव्हतं, तेव्हा घरमालक म्हणून आम्ही देऊ तो दाखला, एवढाच पुरावा. प्रशील आला, ओट्याखाली उभा राहिला, तोंडाला मास्क. मास्तर म्हणाले, अरे त्यात काय, उद्या घेऊन जा. तो गेला तेव्हा गाडीवर शीळ घालत गेला. मी ऐकली.

मास्तरांनी रात्रभर घासून मजकूर केला आणि स्टँप पेपरवर टाइप करून आणला. सदर परदेशी महिला आमच्या घरी पोटच्या मुलीसारखी राहिली. श्री. प्रशील हेही त्याच घरी राहत. ते तिला सख्ख्या बहिणीप्रमाणे मानत व उभयतांचे वर्तन निष्कलंक होते. पुराव्यादाखल रक्षाबंधनाचा फोटो जोडला आहे. मास्तरांच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तीस वर्षं त्यांनी वर्तणुकीचे दाखले लिहिले. पोरापोरीचं चांगलं लिहायचं म्हणजे असंच लिहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. वर फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का मारून आणला, आणि दाखला झकास झालाय म्हणून मला वाचून दाखवला.

प्रशीलने तो उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला. मग म्हणाला, "काकू, एक ओळ बदला. आम्ही जोडीने राहत होतो एवढंच लिहा. बाकी काही नको."

मास्तरांच्या लक्षात आलं. चेहरा उतरला त्यांचा. चष्मा लावून त्यांनी पेन हातात घेतलं, म्हणाले, चल, नवा कागद करू. मी ते पेन काढून घेतलं. एरंडोलच्या लोकांनी मेघाला पसंत केलं होतं, पुढच्या रविवारी सुपारी फुटायची होती. माझ्या घरात बिनलग्नाचं जोडपं वर्षभर नांदलं, हे आम्ही आमच्या सहीने सरकारी कागदावर लिहून द्यायचं, आणि तो कागद उद्या फिरत फिरत कुणाच्या हाती लागला तर. गल्लीना लोके काय म्हनतीन, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हटलं, "मना घरमा असं काही व्हयनं नई."

"काकू, सकाळी गरम पाण्याची बादली तुम्हीच वर द्यायच्या. दोघांची एकच."

"जे लिव्हेल शे तेच खरं शे," मी म्हटलं आणि आत गेले.

आतून मी ऐकत होते. वाटलं, ओरडेल, शिव्या देईल, निदान मास्तरांना तरी बोलेल. त्याने कागदाची नीट घडी केली, थँक्यू सर म्हणाला आणि गेला. दुसरा कागदच नव्हता त्याच्याकडे. कंपनीने दिलेल्या पत्रात सहकारी एवढंच होतं. पत्ता खरा आहे, तारखा खऱ्या आहेत, एखादा शहाणा साहेब समजून घेईल, असं तो आमच्या गल्लीतल्या कुंदनला म्हणाला. अंकाबाई गेल्यापासून टॉवरवर कुंदन त्याचा जोडीदार. पुढचं जे मला कळलं ते कुंदनकडूनच.

नोव्हेंबरात नकार आला. तुम्ही जोडलेल्या कागदांवरून तुमचं नातं भावाबहिणीचं दिसतं, तेव्हा जोडीदार म्हणून प्रवेश देता येत नाही. त्याच्या आदल्या महिन्यात तिची आई गेली होती. चार माणसांत पुरली. अर्जाचे कागद तिलाही मिळाले होते, तिने कुणाकडून तरी मराठी वाचून घेतलं आणि फोन केला. ती रागावली ते नकारावर नव्हे. तू हात पुढे केलास, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. ती काय बांधतेय हे तुला माहीत होतं, तरी तू मला सांगितलं नाहीस आणि सगळ्यांसमोर मला बांधू दिलंस. खोली जाऊ नये म्हणून, असं म्हणाला असता तर कदाचित तिला समजलं असतं. लाज वाटली असेल.

मग फोन आठवड्याने, मग महिन्याने. एकवीसच्या पावसाळ्यात तिने लिहिलं की ती आता दुसऱ्या कुणाबरोबर राहते, आणि बूट कुणाला तरी देऊन टाक. त्या दिवशी तो वर चढला आणि काम संपलं तरी माथ्यावरच बसून राहिला. कुंदन म्हणतो, मला भीती वाटली म्हणून मी माझा पट्टा त्याच्या पट्ट्यात अडकवून ठेवला. पाच वाजता तो मुकाट खाली उतरला, रजिस्टरवर सही केली. वर्षअखेरीस त्याचा देश मोकळा, तिचा देश मोकळा. तिकीट कुणीही काढावं.

माझं काय झालं म्हणाल तर काही नाही. मेघाचं लग्न थाटात झालं, जावई चांगला, नातू गोरापान आहे. देव मला शिक्षा करील म्हणून मी दोन वर्षं वाट बघितली. केली नाही.

बावीसच्या उन्हाळ्यात एक दिवस दारात गाडी थांबली. बन्सीलालभाऊ उतरले, मागून प्रशील, आणि मुक्ताईनगरचे योगेंद्रभाऊ म्हणून एक गृहस्थ. त्यांची मृणाली शाळेत शिक्षिका, तिच्याशी प्रशीलचं जमवायचं चाललं होतं. गोऱ्या बाईचं त्यांच्या कानावर आलं होतं. बन्सीलालभाऊ म्हणाले होते, जिथे राहिला त्याच घरी चला, तुम्हीच विचारा. प्रशीलचे केस कानापाशी पिकले होते. त्याने जिन्याकडे एकदाही पाहिलं नाही.

योगेंद्रभाऊ सभ्य माणूस. पाणी पिऊन झाल्यावर हळू आवाजात त्यांनी विचारलं की ताई, मुलीचा बाप आहे म्हणून विचारतो, ती दोघं इथे कशी राहत होती.

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, एकदा तरी. दोन वर्षं छातीवर धोंडा घेऊन मी हिंडत होते. हा मुलगा मन मारून उभा आहे आणि परत माझ्याच तोंडून खोटं वदवून घेतायत. त्या पोरीलाही खरं कळलं पाहिजे. मी म्हटलं, "नवराबायकोसारखी राहत होती. माझ्या डोळ्यांदेखत. लग्न ठरलं होतं त्यांचं. आम्ही खोटा दाखला दिला म्हणून मोडलं."

बन्सीलालभाऊंच्या हातातला पेला तसाच राहिला. योगेंद्रभाऊंनी प्रशीलकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, आता तरी तो रडेल, नाहीतर माझ्या पाया पडेल. खरंच वाटलं मला तसं.

प्रशीलने खिशातून मोबाईल काढला. फार शोधावं लागलं नाही त्याला. ओटा, पाट, तिची नवी साडी, त्याची आवळलेली मूठ, मागे पेढ्यांचं ताट धरून मी. त्याने मोबाईल योगेंद्रभाऊंच्या पुढे धरला आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे बोलला.

"काकू, आता कशाला खोटं बोलता? बहीण होती ती माझी. तुमच्याच घरात तिने मला राखी बांधली."

मग तो मास्तरांकडे वळला आणि म्हणाला, सर, दाखल्याची झेरॉक्स असेल ना तुमच्याकडे. मास्तर उठले. कपाटातून कागद काढून त्यांनी योगेंद्रभाऊंच्या हातात दिला. योगेंद्रभाऊंनी तो सावकाश वाचला, शिक्का बघितला, फोटो बघितला, आणि शेवटी साक्षीदाराचं नाव मोठ्याने वाचलं. ती सही माझी होती.