अंगठ्याला बांधलेली दोरी

जगदाळे गुरुजींना साठ वर्षं पुरी झाली म्हणून हे पुस्तक निघतंय, आणि त्यात शिकलेल्या मंडळींच्या पंगतीला मलाही बसवलंय. माझी शाळा म्हणजे गुरुजींच्या शाळेचा ओटा. तेव्हा लिहिण्यात कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आनंद एवढा झालाय की नको म्हणवलं नाही.

गुरुजींची आणि माझी पहिली गाठ पडली ती दुष्काळाच्या साली. आमचं गाव माण तालुक्यातलं, तिथं एरवीही पाणी बेताचंच. त्या साली तर विहिरीत वाकून बघायची भीती वाटायची. मुलगा मुंबईला गिरणीत होता. सून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मी शेरडं घेऊन डोंगराला. घरी राहायचा तुक्या, माझा नातू, नुकता बसायला लागलेला. त्याला सांभाळायची पाळी आली माझ्या नातीवर, हौसावर. ती तिसरीत होती. मी शाळेच्या दारात जाऊन सांगितलं, "गुरुजी, हौसा उद्यापास्नं यायची न्हाई."

गुरुजींनी कारण विचारलं नाही. गावात घरोघरी तेच चाललं होतं. म्हणाले, "आक्का, तुक्याला घेऊन येऊ द्या तिला."

"शाळंत? मुतंल की त्यो."

"मुतू द्या. सारवणाची जमीन आहे, पिऊन टाकील."

दोन दिवसांनी सहज डोकावले तर गुरुजी पाढे म्हणून घेत होते आणि त्यांचा उजवा पाय एकसारखा हलत होता. मला वाटलं, बिचाऱ्यांना वाताचा त्रास दिसतोय. नीट बघितलं तर आढ्याला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या, झोळीत लेकरं, आणि सगळ्यांची मिळून एक दोरी गुरुजींच्या पायाच्या अंगठ्याला. तोंडानं बे एक बे चाललंय, पायानं झोका चाललाय. गावातली टवाळ माणसं म्हणायची, "मास्तरांना वरून दोन पगार असत्याल, एक तोंडाचा, एक पायाचा." गुरुजी म्हणायचे, "दुसरा अजून मिळायचाय, तुम्हीच पाठपुरावा करा."

त्या साली शाळेत सांजा आणि भुकटीचं दूध मिळायचं. परदेशातनं यायचं ते. देशाचं नाव मला तेव्हाही नीट घेता येत नव्हतं, आजही येत नाही. कित्येक पोरांच्या पोटात दिवसभरात तेवढंच जायचं, म्हणून आयाबाया पोरींना शाळेत पाठवायच्या. खोटं कशाला बोलू. पण सांजा-दूध होतं ते पटावरच्या मुलांसाठी. झोळीतल्यांचं नाव पटावर कुठलं असणार? गुरुजी त्यांनाही वाटीवाटी दूध पाजायचे.

आणि एक दिवस निरोप आला की त्या देशाची माणसं तपासणीला येणार.

गावाची झोपच उडाली. कुठल्याशा गावात असंच काही सापडलं आणि सांजा-दुधाचा ट्रक बंद झाला, असं कामावरच्या बायका सांगत होत्या. खरं का खोटं देव जाणे. ट्रक बंद म्हणजे सांजा बंद, सांजा बंद म्हणजे हौसाची शाळा बंद. सरपंच गुरुजींकडं आले, मी तिथंच होते.

"गुरुजी, त्या दिवशी लेकरं मेंढवाड्यात ठिवू. कुणाला कळतंय?"

"लेकरांपाशी कोण बसणार?"

"पोरी बसत्याल की."

"मग पाहुण्यांना मी शाळेत दाखवू काय, नुसते पोरगे?" गुरुजी म्हणाले. "आज बाळं लपवली तर उद्या पोरीच लपवाव्या लागतील, सरपंच."

"आवं, नोकरी जाईल तुमची."

गुरुजींनी उठून एका झोळीची सैल गाठ आवळली. भीती त्यांनाही होती. पण तपासणीच्या दिवशीही झोळ्या बांधलेल्याच राहिल्या.

जीपमधनं एक गोऱ्या बाई उतरल्या. बरोबर साताऱ्याचे साहेब, बाईंचं बोलणं मराठीत सांगायला. मी शेरडं सोडून खिडकीशी उभी. बाई झोळ्यांकडे बघून साहेबांशी काहीतरी बोलल्या आणि साहेबांचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "बाई सांगतात, शिक्षण हा मुलांचा हक्क आहे, त्यासाठीच आमचं सरकार धान्य देतं. ही बाळं तर शाळेची नाहीत."

गुरुजी म्हणाले, "त्यांना सांगा, हक्क दिलात, फार चांगलं केलंत. पण तो घ्यायला पोरींचे हात रिकामे नाहीत."

बाईंनी मग हौसालाच उभं केलं. सांजा बंद झाला तर शाळेत येशील का, असं विचारलं. ही आता काय बोलून बसते? तुक्या तिच्या कडेवर, तिची वेणी तोंडात धरून.

"यीन की," हौसा म्हणाली. "पर ह्याला कोण धरंल?"

तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. खरंच कुणीतरी सांगेल असं तिला वाटत होतं. साहेबांनी ते बाईंना सांगितलं. बाईंनी तुक्याच्या तोंडातली वेणी हळूच सोडवली. मग म्हणाल्या, हे माझ्या हातात नाही, माझ्या देशाला विचारावं लागेल. जीप धुरळा उडवत गेली.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. रस्त्याला मोटारीचा आवाज आला की छातीत धस्स व्हायचं, नाही आला तरी व्हायचं. भुकटी संपत आली. काही आयांनी पोरी काढून घेतल्या. गुरुजी शाळा सुटल्यावर दारोदार फिरायचे. आमच्या दारात येऊन म्हणाले, "आक्का, ट्रक येवो न येवो, हौसाला थांबवू नका. माझा पाय अजून दुखत नाही."

नाही कसा? अंगठ्याला घट्टा पडला होता.

ट्रक आला. निरोपही आला. झोळीतल्या लेकरांनाही दूध द्यावं, मात्र त्यांच्यापाशी एक मोठं बाईमाणूस बसावं. गुरुजींनी मला न विचारता माझं नाव सांगून टाकलं. मी म्हटलं, "आन् माझी शेरडं?" म्हणाले, "त्यांनाही आणा, पट वाढेल." एकदा एका शेरडानं भिंतीवरच्या नकाशाचा कोपरा खाल्ला. गुरुजी बघून म्हणाले, "आक्का, पाहुण्यांचा देश खाल्ला बघा हिनं. आता भुकटी कुठनं आणायची?" एवढ्या दुष्काळातही आम्ही त्या दिवशी पोट धरून हसलो.

ओट्यावर बसून झोके देता देता आतली अक्षरं कानावर पडायची. मी ती काडीनं मातीत गिरवायची. गुरुजींनी बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर एक पाटी ठेवलेली होती.

हौसा आता साताऱ्याला मास्तरीण व्हायचं शिकतेय. हा मजकूर मी लिहिला, तिनं सुधारला, थोडा बिघडवलासुद्धा. भीती मात्र सरत नाही माझी. अजूनही कडेवर भावंड घेतलेली पोरगी रस्त्यात दिसली की हौसाचा प्रश्न ऐकू येतो. ते परदेशी दूध पाऊसपाणी झाल्यावर थांबलं. आता लेकरांना झोके द्यायला आम्ही बायका पाळीपाळीनं ओट्यावर बसतो.

तेव्हा गुरुजी, खूप खूप जगा. डोळे, गुडघे, सगळं धड राहू द्या. आणि शाळेत कधी आलात तर नुसते बसा. दोरी आमच्या हातात आहे.